तो ताप नव्हता

करोनाच्या दुसऱ्या सुईनंतर मी आजारी पडले होते, हे आमच्या नात्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. काय झालं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांना मी ताप आला होता असं सांगितलं. पहिल्या दिवशी ताप होताही, नाही असं नाही. पण मला ज्याने आडवं पाडलं तो ताप नव्हता. माझी पाळी वेळेच्या कितीतरी आधी आली, पाण्यासारखी गेली आणि थांबेचना.

हे एवढं लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. मध्ये उठून डाळ शिजवली, कपड्यांच्या घड्या केल्या, उगीच कपाट आवरलं. 'तो त्रास', 'बायकांचं ते' असं लिहून पाहिलं आणि खोडलं. ज्या बाईवर ही वेळ आली असेल तिला 'ते' वाचून काय कळणार? म्हणून सरळ लिहिते आहे. कान तापलेत, तरी लिहिते.

मी शमीम. माहेर-सासर दोन्ही श्रीवर्धनकडचं, शाळा मराठी. लग्नानंतर सौदीत आले ती हुफूफलाच राहिले. नवरा अश्फाक बांधकामाच्या सामानाचं गोदाम सांभाळतो. मुलगी झोया इथल्या इंडियन शाळेत जाते आणि मी मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत नाहीतर हिंदीत देते. त्या वर्षी सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मा, व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. अम्मांना एकच गोष्ट हवी होती, उमरा, म्हणजे मक्केला अल्लाच्या घराची, काबाची यात्रा. सासरे गेल्यापासून त्या म्हणायच्या, "एकदा त्या घरासमोर उभी राह्यली की मग मना कुठं पन पुरा." व्हिसाची मुदत संपत आली होती आणि त्यांची तब्येत बघता त्या पुन्हा येतील असं कुणालाच वाटत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

तेव्हाचा नियम असा होता की दोन सुया झालेल्यांनाच मक्केच्या हरममध्ये, म्हणजे काबाच्या मशिदीत, जायची परवानगी मिळे. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये माणूस हिरवा दिसला पाहिजे. अश्फाक आणि झोया आधीच हिरवे झाले होते. राहिलो होतो आम्ही सासू-सून.

सुई

आमची दोघींची दुसरी सुई एकाच दिवशी होती. ऐनवेळी अम्मांना खोकला झाला म्हणून त्यांची तारीख पुढे गेली आणि मी एकटी आत गेले. मोठा गारेगार हॉल, बायकांची वेगळी रांग, कुठे गडबड नाही. नर्सने दंडाला बोळा लावला आणि म्हणाली, "खलास, हबीबती." म्हणजे झालं गं, लाडके. मला हसू आलं. एवढ्याशासाठी मी आदल्या दिवशी दोनदा बिर्याणी खाऊन घेतली होती, न जाणो काही झालं तर.

संध्याकाळी हात जड झाला, अंग मोडून आलं, ताप चढला. हे सगळं पहिल्या सुईलाही झालं होतं. अम्मांनी माझ्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवली आणि पेज करून आणली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी उठले, बाथरूमला गेले आणि पाहिलं.

माझी पाळी यायला अजून पंधरवडा होता.

मी काय केलं असेल? काही नाही. वाटलं, ताप आला की शरीर इकडचं तिकडे होतं, जाईल. पण दुसऱ्या दिवशी जास्त होतं, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. असं रक्त मी झोयाच्या बाळंतपणानंतर पाहिलं नव्हतं. खुर्चीवरून उठताना मागे वळून बघायची सवय लागली. झोपताना खाली जुनी चादर, त्याखाली प्लॅस्टिक. आणि डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. माझी आत्या अशीच गेली होती, पिशवीच्या कॅन्सरने. तिनेही शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याच्या या हट्टावर आम्ही सगळ्या मुली चिडलो होतो, आणि आता मी तेच करत होते.

अम्मा विचारायच्या, "काय झालाय गो तुना? तोंड बघ कसा पांढरा पडलाय."

मी म्हणायचे, "सुईचा ताप, अम्मा. आतून आहे अजून."

दार लावून नमाज

आमच्या घरात पाचही वेळा नमाज होते. अजान झाली की अम्मा जानमाज अंथरतात आणि मला हाक मारतात. पाळीत बाईला नमाज माफ असते, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या माहेरी आई सरळ म्हणायची, "आज मना नमाज नाय," आणि विषय संपायचा. मी मात्र लग्न झाल्यापासून एक पद्धत पाडली होती. अजान झाली की खोलीत जायचं, दार लावायचं, थोडा वेळ पलंगावर बसायचं आणि डोक्यावरची ओढणी नीट करत बाहेर यायचं. कुणाला कळायला नको. कुणाला म्हणजे कुणाला? नवऱ्याला माहीत असतंच. सासूला बाई असून कळत नसेल का? पण कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं, असं मी धरून चालले होते.

नेहमी हे चार-पाच दिवसांचं नाटक असे. आता ते संपेचना. पलंगावर बसून मी पाय हलवत राहायचे आणि बाहेर अम्मांच्या दुआचा आवाज ऐकत राहायचे. त्या माझं नाव घेऊन माझ्या तापासाठी दुआ मागत होत्या. नसलेल्या तापासाठी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यातच मी एक शहाणपणा केला. पाळीत काबाच्या फेऱ्या घालता येत नाहीत, म्हणून उमऱ्याला किंवा हजला निघणाऱ्या बायका पांढऱ्या कपड्यांच्याही आधी बॅगेत काय टाकत असतील, तर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. मोठ्याने कुणी बोलत नाही, पण आमच्याकडे त्या हळदी-मिठासारख्या घरात असतात. माझ्या बहिणीने मागे दिलेलं एक पाकीट माझ्या कपाटात होतं. मी विचार केला, पाळी ढकलते ती गोळी पाळी थांबवेलही. एक थांबवत असेल तर दोन लवकर थांबवतील. डॉक्टरला विचारायला नको, नवऱ्याला सांगायला नको. मी दोन-दोन घ्यायला लागले.

मळमळ सुरू झाली. डोकं गरगरायला लागलं. रक्त थांबलं नाही. हे वाचणाऱ्या बाईला हात जोडून सांगते, असं करू नका.

अम्मांची बॅग

अम्मांची तारीख आली. सकाळी अश्फाक गाडी काढून खाली थांबला होता. अम्मा तयार होऊन बसल्या होत्या, पण उठेनात.

"मना नको ती सुई," त्या म्हणाल्या.

अश्फाकला आधी वाटलं, गंमत करताहेत. मग तो वर आला. "अम्मा, पहिली घेतलीस ना? काय झालं तुला?"

"मना काय नाय झाला. पन शमीमला बघ. एवढी तरणी बाई, सुईनं उभी वाळलेय. आठवडा झाला, ताप उतरत नाय. मी घेतली तर मी मक्केला नाय, कबरस्तानात जाणार."

"अगं पण सुई नाही तर परवानगी नाही. उमरा नाही!"

"नशिबात नसला तर नाय."

असं म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या. उमऱ्यासाठी शिवून घेतलेले पांढरे कपडे त्यांनी कपाटात वरच ठेवले होते, दिसतील असे. ते त्यांनी घडी घालून बॅगेत तळाशी ठेवले. वर गावाकडे न्यायच्या वस्तू रचायला लागल्या, खजूर, नातवंडांचे कपडे. मी दारात उभी राहून बघत होते. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं, 'अम्मा, मला ताप नाही, मला पाळीचा त्रास आहे, तुम्हाला तो होणार नाही.' बस. एवढंच. अश्फाक माझ्या मागे उभा होता, म्हणून मी ते बोलले नाही. पंधरा वर्षं एका घरात राहिलेल्या, माझ्या मुलीच्या बापासमोर मला लाज वाटली.

अश्फाकने नवी तारीख घेतली. ती शेवटचीच होती. त्यापुढची तारीख घेतली असती तर व्हिसा आधी संपला असता, कारण दुसऱ्या सुईनंतरही काही दिवस जावे लागत. तो माझ्यावर चिडला नाही. म्हणाला, "तू समजाव तिला. तुझं ऐकेल. तू बरी झालेली दिसलीस की ऐकेल." मी मान हलवली.

मग मी बरी दिसायच्या मागे लागले. ओठाला रंग लावला. दुपारी उठून भाकऱ्या करायला घेतल्या.

लादी

तिसरी की चौथी भाकरी असेल. तांदळाच्या पिठाचा वास नाकात गेला आणि डोळ्यांसमोर काळोख आला. शुद्ध गेली नव्हती, पण पाय गेले. मी ओट्याला धरून खाली बसले आणि मग आडवीच झाले. झोया ऑनलाइन क्लासमधून कानातले इअरफोन काढत धावत आली.

"मम्मी! ओ माय गॉड, मम्मी, इतना ब्लड..."

माझा गाऊन भिजला होता. लादीवर आलं होतं. तवा वर जळत होता. झोया बापाला हाका मारायला वळली. तो बाहेरच्या खोलीत होता, दहा पावलांवर. आणि मी तिचा हात घट्ट धरला.

"आधी पूस," मी म्हणाले. "पप्पांना बोलवू नकोस. आधी लादी पूस. मला दुसरा गाऊन दे."

पोरीने पुसलं. रडत रडत, गुडघ्यांवर बसून, फडकं बादलीत पिळत. मी लादीवर पडून तिला कोपरे दाखवत होते, इथे राहिलंय, तिथे राहिलंय. मग तिने माझा गाऊन बदलला, फडकी पिशवीत भरली, पिशवी लपवली, आणि त्यानंतर बापाला बोलावलं.

या सगळ्या आजारात मला रक्ताची लाज वाटली, पॅडची वाटली, डॉक्टरपुढे वाटली. त्या सगळ्या लाजा आता निघून गेल्या. ही राहिली आहे. माझी मुलगी फरशी पुसत होती आणि मी तिला घाई कर म्हणत होते.

पडद्यामागे

दवाखान्यात अश्फाक माझ्या शेजारी उभा. काउंटरवरच्या मुलीने हिंदीत विचारलं, "क्या तकलीफ है?" मी म्हटलं, "बुखार. वॅक्सीन के बाद." तिने कपाळाला मशीन लावलं. ताप नव्हता. तिने मशीन झटकून पुन्हा लावलं. मी खाली बघत राहिले.

डॉक्टरबाई सांगलीच्या निघाल्या. माझं नाव, गाव वाचून त्या मराठीत बोलल्या आणि मला रडूच फुटलं. त्यांनी अश्फाककडे पाहिलं. "तुम्ही जरा बाहेर बसा हं, भाऊ." तो गेल्यावर पडदा ओढला आणि म्हणाल्या, "आता बोला. ताप नाहीये तुम्हाला."

मी सांगितलं. सगळं, गोळ्यांसकट. इतकं हळू की त्यांना वाकावं लागलं.

तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. आत्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. जेल गार लागत होतं आणि डॉक्टरबाई स्क्रीनकडे बघत बटणं दाबत होत्या. मी मनात झोयाच्या लग्नापर्यंत पोचले होते, तिला कोण दागिने दाखवेल, कोण निवडेल. मग त्या म्हणाल्या, "पिशवी छान आहे. गाठ नाही, काही नाही."

"मग हे कशामुळे?"

"सुईनंतर काही बायकांची पाळी अशी पुढे-मागे होते, जास्त जाते. माझ्याकडे बऱ्याच जणी येतात. तुमची नेमकी त्यामुळेच झाली असं मी छातीठोक सांगणार नाही, पण वेळ बघता तसंच दिसतंय. एक-दोन महिन्यांत आपोआप जागेवर येतं. घाबरण्यासारखं नव्हतं हे. घाबरण्यासारखं तुम्ही केलंत. डबल गोळ्या! कुणाला विचारून?"

त्यांनी रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला.

"आणि रक्त किती कमी झालंय बघा. पहिल्याच आठवड्यात आला असतात तर चालत घरी गेला असतात."

मला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस मी जे खोटं म्हणून सांगत होते, की हे सुईमुळे आहे, ते खरंच निघालं होतं. फक्त ताप नव्हता.

मला ठेवून घेतलं, रक्त थांबायचं औषध दिलं, शिरेतून लोह दिलं. पडद्यापलीकडच्या कॉटवर इथलीच एक सौदी आजी होती. तिने पडदा बाजूला केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "दम?" म्हणजे रक्त का? वॉर्डात सफाई करणारा माणूस होता, एक डॉक्टर होता. मी पांघरुणात शिरले. आजीने मल्याळी नर्सला बोलावून अरबीत माझी सगळी चौकशी केली, तिला स्वतःला कुठल्या बाळंतपणात किती गेलं होतं तेही सांगितलं, आणि मला खजूर आणि छोट्या कपात काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाठवला. खजूर संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मी शेवटचा खाल्ला तेव्हा तिने समाधानाने पडदा ओढून घेतला. कितीतरी दिवसांनी मला काही गोड लागलं.

काळी पिशवी

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरबाईंनी मला विचारून अश्फाकला सगळं सांगितलं होतं. तो गाडी चालवत होता. मी खिडकीबाहेर खजुराच्या बागा बघत बसले. एका फार्मसीसमोर त्याने गाडी थांबवली आणि उतरला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात एवढी मोठी काळी पिशवी.

"कुठलं ते माहीत नव्हतं," तो समोर बघत म्हणाला. "म्हणून सगळ्या जातीचे घेतले."

मी पिशवीत डोकावले. पॅडच्या ढिगात बाळांचे डायपरही होते. मला हसू आवरेना, आणि हसताना डोळ्यांतून पाणी.

"मला सांगायचंस ना," तो म्हणाला. "मी काय परका आहे? मला वाटलं, तू माझ्यापासून काहीतरी मोठं लपवतेस. रोज रात्री मनात काय काय यायचं."

त्याला हे बोलताना त्रास होत होता, कारण त्यालाही ही भाषा कुणी शिकवलेली नव्हती. मी "चुकलं" म्हणाले.

घरी झोया दार उघडून मला बिलगली नाही. बाजूला झाली. माझ्या खोलीत आली ती संध्याकाळी, आणि पलंगाच्या टोकाला बसली.

"मम्मी, एक बात पूछूं?"

"विचार ना."

"व्हॉट इफ यू हॅड डाइड? मी लादी पुसत होते तेव्हा." हे शेवटचं ती मराठीत बोलली. मग म्हणाली, "और अगर मुझे कभी ऐसा हुआ, तो मी पण आधी लादी पुसायची का?"

मी तिला जवळ ओढलं. ती आली, पण अंग आक्रसून.

दस्तरखानावर

अम्मांच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. खाली दस्तरखान अंथरलेलं, मध्ये भात आणि मासळीचं सालन. अम्मांनी मलाच सगळ्यात मोठा तुकडा वाढला. म्हणाल्या, "खा. दवाखान्यात ठेवायची पाळी आनली त्या सुईनं. अश्फाक, उद्याचा काय बोलू नको. मी जाणार नाय."

अश्फाकने माझ्याकडे पाहिलं. तो माझ्या वतीने बोलू शकला असता. माझी इज्जत राखायला तो गप्प बसला होता. झोयाही बघत होती. घास हातात धरून, डोळे मोठे करून बघत होती. तिला बघून मी बोलले.

"अम्मा, तो ताप नव्हता."

"मग?"

"माझी पाळी आली होती. सुईनंतर. लवकर आली आणि फार गेली. थांबेना. म्हणून चक्कर आली. ताप एकच दिवस होता. बाकी सगळं मी खोटं सांगितलं." माझा आवाज चिरका झाला होता आणि मी सालनाच्या पातेल्याशी बोलत होते. "सुईमुळे काही बायकांना होतं असं डॉक्टर म्हणाल्या. बरं होतं ते. मी मेले नसते. मी लपवलं, आणि नको त्या गोळ्या खाल्ल्या, म्हणून पडले."

अश्फाक काटे काढण्यात गढून गेला. अम्मांचा हात पातेल्यावरच थांबला होता. मला वाटलं, आता त्या म्हणणार, पुरुषासमोर, पोरीसमोर, जेवणावर हे बोलायचं असतं का?

अम्मा म्हणाल्या, "एवढाच?"

"एवढंच."

"आनि म्हनून मी आठ दिस जीव मुठीत धरून बसले?" त्यांचा चेहरा लाल झाला. आधी मला वाटलं रागाने. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "अगो, मना आता काय पाळी येणार हाय? या वयात?" आणि त्या जोरात हसल्या, इतक्या की ठसका लागला आणि झोयाने त्यांना पाणी दिलं. झोयाही हसत होती. अश्फाकचे कान लाल झाले होते, पण तोही हसला.

हसणं थांबल्यावर अम्मांनी डोळे पुसले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दार लावून बसायचीस ते मना काय कळत नव्हता? मी बोलले नाय. म्हटला, हिला नको असल. माझापन चुकला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुई घेतली. एक दिवस हात दुखला. तेवढ्यावर त्यांनी दोन दिवस झोपून सेवा करून घेतली, पेज, लिंबू सरबत, पाय चेपणं, सगळं. पांढरे कपडे बॅगेच्या तळातून निघून पुन्हा कपाटात वर आले.

मीकात

हुफूफहून मक्का म्हणजे जवळजवळ अख्खा देश आडवा ओलांडायचा. अश्फाकला जेमतेम सुट्टी मिळाली होती, परवानगीची वेळ ठरलेली होती. मक्केच्या अलीकडे, ताइफजवळ मीकात, म्हणजे यात्रेची हद्द, लागतं. तिथे अंघोळ करून एहराम, म्हणजे यात्रेचे कपडे, बांधायचा आणि उमऱ्याची नियत, म्हणजे संकल्प, करायची. त्या आधीच्या पेट्रोल पंपावर मी बाथरूममध्ये गेले आणि पाहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्याच होत्या, पुढची पाळीही वेळेवर येईलच असं नाही. आली होती, आठ दिवस आधी.

त्या बाथरूमच्या दाराला टेकून मी रडले. अल्लाने मला स्वतःच्या घरी बोलावून दारातून परत पाठवलं, असं वाटलं. तसं म्हणायचं नसतं, हे मला माहीत आहे. तरी वाटलं. आणि जुनी सवय लगेच जागी झाली. सांग, पोट बिघडलं. सांग, डोकं दुखतंय, हॉटेलवर थांबते.

मी गाडीत येऊन बसले आणि म्हटलं, "माझी पाळी आली. मी नियत करणार नाही. तुम्ही तिघं करा."

अश्फाकने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा येऊ आपण दोघं," तो म्हणाला. अम्मांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पुढचा सगळा रस्ता धरून ठेवला.

मक्केत ते तिघं तवाफला, काबाच्या सात फेऱ्या घालायला गेले. अम्मा पांढऱ्या कपड्यांत, झोयाच्या दंडाला धरून. मी हॉटेलच्या खोलीत खिडकीशी बसले. हरम दिसत नव्हतं, समोरच्या हॉटेलची भिंत दिसत होती. पण अजान तिथूनच येत होती. मला नमाज नव्हती. मी दार लावलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

बऱ्याच वेळाने झोयाचा फोन आला. उमरा पुरा झाला होता. अम्मांचा चेहरा स्क्रीनवर मावत नव्हता, घामाने आणि आनंदाने नुसता चमकत होता. अश्फाकने डोकं भादरून घेतलं होतं आणि तो लहान मुलासारखा दिसत होता.

झोया म्हणाली, "मम्मी, यू वोन्ट बिलीव्ह व्हॉट दादी डिड. तवाफ में, काबा के सामने, इतनी जोर से दुआ की. मराठीत! सबके सामने!"

"काय म्हणाल्या?"

झोयाने तोंडावर हात ठेवला. मागून अम्माच ओरडल्या, "मी म्हटला, या अल्ला, माझ्या सुनेचा रक्त थांबव आनि तिला इथं आन. काय चुकीचा बोलले?"

मी डोळे मिटून घेतले. कानांपर्यंत गरम झाले. काबासमोर, पोराच्या बाजूला, भर गर्दीत. मग म्हटलं, "जाऊ दे, तिथे मराठी कुणाला कळणार."

"वही तो," झोया म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "बाजूला एक आंटी होत्या. त्या मोठ्याने आमीन म्हणाल्या. और फिर दादी से पूछा, तुमच्या सुनेला पन सुईनंतर काय? त्यांची सून पण हॉटेलवर बसलेय. त्यांना सांगितलं नाय तिने, बोली ताप है. पर उनको पता है."

"कुठलं हॉटेल? विचार त्यांना, कुठलं हॉटेल!"

झोयाने फोन फिरवून गर्दीकडे धरला. सगळीकडे पांढरे कपडे, मास्क लावलेले चेहरे. "पता नहीं, मम्मी. त्या पुढे गेल्या."

मी खिडकीतून समोरच्या हॉटेलकडे पाहिलं. शंभरेक खिडक्या होत्या आणि बहुतेक सगळ्यांचे पडदे ओढलेले होते. ती कदाचित तिथेच असेल, कदाचित दोन गल्ल्या पलीकडे, दार लावून पलंगावर बसलेली. तिला वाटत असेल की जगात हे आपल्या एकटीलाच झालं.

बाई, मला तुझं नाव माहीत नाही. तुझ्या सासूला माहीत आहे. दार उघड.